सोलापुरात करमत नाही, परत जाऊ का?

प्रश्न: मी राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यातली, ख्रिस्ती घरातली मुलगी. सोलापुरात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर येऊन सात आठवडे झाले, तरी करमत नाही. रात्री उशीत तोंड घालून रडते. आईशी दिवसातून सहा-सात वेळा फोन होतो आणि फोन ठेवला की जास्तच वाईट वाटतं. आमच्या मजल्यावर मी एकटीच ख्रिस्ती. गावी प्रार्थनेसाठी सांगितलं, तर मंडळीतले (आमच्या चर्चमधले) एक काका म्हणाले, "विश्वास कमी पडतोय, प्रार्थना वाढव." मी वाढवली, पण रडू थांबत नाही. परत जाऊ का?

उत्तर:

सलाम बाळा,

तुझा प्रश्न वाचताना मला माझी ट्रंक आठवली. १९८७ च्या ऑगस्टमध्ये मी जालन्याहून नर्सिंग शिकायला सोलापूरला आले, तेव्हा पत्र्याची हिरवी ट्रंक आणि वडिलांनी पहिल्या पानावर तारीख घालून दिलेलं पवित्र शास्त्र एवढंच माझं सामान होतं. घरी फोन नव्हता. आंतरदेशीय पत्र पोचायला चार दिवस लागायचे आणि उत्तर यायला आणखी चार-पाच. संध्याकाळी रेल्वेची शिट्टी ऐकू आली की पोटात खड्डा पडायचा. पुढे बावीस वर्षं मी मुलींचं वसतिगृह सांभाळलं, मधल्या काळात समुपदेशनाचं शिक्षण घेतलं, आणि अजूनही आमच्या मंडळीत बाहेरगावहून शिकायला आलेल्या मुलामुलींशी बोलत असते. दर वर्षी पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणीतरी तुझंच वाक्य घेऊन येतं: "मावशी, करमत नाही."

आधी त्या काकांचं बोलणं बाजूला ठेवू. त्यांचा हेतू चांगला असेल, पण ते चुकले. घरची ओढ लागणं हा विश्वासाचा आजार असता, तर प्रेषित पौलाच्या सोबत्याला तो झाला नसता. नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ, शेवटची सहा वचनं वाच. एपफ्रदीत नावाचा एक माणूस आहे. बंदिवासातल्या पौलाला मदत पोचवायला फिलिप्पैच्या मंडळीने त्याला पाठवलं. तिथे तो मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. गावाकडे ही बातमी गेली, आणि आपल्या दुखण्याचं घरच्यांना कळलं म्हणून तो चिंतेत पडला, त्यांच्या भेटीसाठी व्याकूळ झाला. पौल त्याला 'प्रार्थना वाढव' असं म्हणत नाही. त्याला भाऊ म्हणतो, सहकारी म्हणतो, घरी परत पाठवतो आणि मंडळीला कळवतो की याचं आनंदाने स्वागत करा, अशांना मान द्या. मी हा भाग किती मुलींना वाचून दाखवला असेल! बहुतेक जणी पहिल्यांदाच ऐकत होत्या, कारण यावर प्रवचन सहसा होत नाही. आपल्याकडे दूर राहणाऱ्याला एकच सांगितलं जातं, की आपलं खरं घर स्वर्गात आहे. ते खरं आहे आणि मलाही त्याचा आधार आहे. पण जिला आत्ता आईच्या हातची बाजरीची भाकरी आणि अंगणातली खाट आठवते आहे, तिला हे वाक्य ऐकवलं की तिला वाटतं, आपण भाकरीसाठी रडतो म्हणजे आपण अध्यात्मात कच्चे. तू कच्ची नाहीस. तुझं घर प्रेमाचं आहे, म्हणून ते आठवतं.

आता रडू का थांबत नाही ते सांगते. तू प्रार्थना वाढवलीस म्हणजे नेमकं काय केलंस, याचा मला अंदाज आहे. रात्री दिवे गेल्यावर पलंगावर पडून 'प्रभू, ही आठवण काढून टाक' असं पुन्हा पुन्हा म्हणालीस. त्या वेळी अंग थकलेलं असतं, पोट अर्धं रिकामं असतं, खोलीत अंधार असतो आणि मनात फक्त घर. अशा वेळी ती प्रार्थना म्हणजे आठवणीवरच बोट ठेवून बसणं होतं. एलीया संदेष्ट्याची गोष्ट बघ, १ राजे, अध्याय १९. तो रानात एका झुडपाखाली पडून 'आता मरण दे' म्हणत होता. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं. मग दूताने हात लावून उठवलं आणि खा म्हटलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी होतं. तो जेवला, परत झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं, कारण वाट लांबची होती. त्यानंतर चालणं, आणि बोलणं सगळ्यात शेवटी, होरेब डोंगरावर. मुलगी रडत माझ्या खोलीत आली की मी आधी विचारायचे, काल रात्री काय जेवलीस? दहातल्या सात जणींनी चहा-बिस्किटावर रात्र काढलेली असायची.

तेव्हा आधी अंगाकडे बघ. मेसचं जेवण घशाखाली उतरत नसेल, तर पेठेतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेव. इथली ज्वारीची कडक भाकरी बरेच दिवस टिकते. थोडं दही मिळालं की रात्रीचं जेवण होऊन जातं. झोपायची वेळ एकच ठेव. संध्याकाळी साडेपाच ते सात ही वेळ सगळ्यात वाईट जाते, कारण घरी त्याच वेळी दिवा लागतो, चूल पेटते, माणसं परत येतात. त्या वेळी खोलीत थांबू नकोस. मैत्रिणीला घेऊन सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने चालून ये, नाहीतर किल्ल्याजवळच्या बागेत जा. मी माझ्या मुलींना या वेळेत अभ्याससुद्धा करू देत नसे.

आणि तुझी बॅग. खरं सांग, ती पूर्ण रिकामी केली आहेस का? बावीस वर्षांत मी एक गोष्ट बघितली, की जिची बॅग पलंगाखाली अर्धी भरलेली राहते, तिला करमायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. मन सारखं एसटी स्टँडवर उभं असतं. यिर्मया संदेष्ट्याच्या काळात यरुशलेमेहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, बंदी करून नेलेल्या लोकांचं हेच झालं होतं. लवकरच परत जाल असं सांगणारे संदेष्टे त्यांना आवडायचे. हनन्याने तर दोन वर्षांची मुदत सांगितली होती. यिर्मयाने त्यांना पत्र लिहिलं (अध्याय २९) आणि त्यात कडू सत्य सांगितलं: सत्तर वर्षं लागतील, म्हणून घरं बांधून त्यांत राहा, मळे लावून त्यांचं फळ खा, ज्या नगरात नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. त्यांची जखम तुझ्यापेक्षा फार मोठी होती. त्यांचं गाव लुटलं गेलं होतं. तू स्वतःच्या मर्जीने, आईवडिलांच्या आशीर्वादाने आली आहेस आणि चार वर्षांनी पदवी घेऊन जाशील, हा फरक विसरू नकोस. पण पत्रातला सल्ला तुझ्याही कामाचा आहे. या शनिवारी बॅग रिकामी करून माळ्यावर टाक. कपडे कपाटात लाव. भिंतीवर घरचा एकच फोटो लाव, दहा नकोत. खिडकीत एक कुंडी ठेव, पुदिना सहज लागतो. आणि रोज रात्री एका वाक्यात सोलापूरसाठी प्रार्थना कर. मेसमधल्या मावशींसाठी, रिक्षावाल्या मामांसाठी, इथल्या पाण्यासाठी. ज्या गावासाठी आपण प्रार्थना करतो, ते हळूहळू ओळखीचं वाटायला लागतं. माझ्या बाबतीत तसंच झालं.

तुला दानीएलाची ओळख शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, ऐकलेल्या सिंहांच्या गुहेवरून असेल. तू त्याचा पहिला अध्याय कॉलेजात गेलेल्या मुलाची गोष्ट म्हणून वाच. परक्या गावात नेलेली चार मुलं, खास्दी, म्हणजे बाबेलच्या, लोकांची विद्या आणि भाषा शिकायची, शिक्षणाची मुदत तीन वर्षं, जेवण ठरवून दिलेलं, नावसुद्धा बदललेलं. आईवडिलांचा पत्ता नाही. त्याने काय केलं? जेवणाबाबत मनाला पटेना, तेव्हा भांडला नाही. अधिकाऱ्याला नम्रपणे विचारलं, दहा दिवस करून बघू का? सोबत तीन मित्र ठेवले. अभ्यास मन लावून केला. आणि पुढे म्हातारा झाल्यावरही माडीवरच्या खोलीत यरुशलेमेकडे उघडणारी खिडकी होती, तिथे दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता. एवढी वर्षं गेली, राजे बदलले, तरी ती खिडकी त्याने बंद केली नाही. पण दिवसभर तिथे बसूनही राहिला नाही. तीन वेळा प्रार्थना, आणि बाकीचा वेळ राज्याच्या कामात.

तुझे सहा-सात फोन म्हणजे दिवसभर खिडकीत बसणं आहे. लेक्चर संपलं की फोन, जेवायला बसलं की फोन. प्रत्येक वेळी तू घरी जाऊन येतेस आणि प्रत्येक वेळी नव्याने घर सोडतेस. रोज सहा वेळा घर सोडल्यावर कोण रडणार नाही? फोन बंद कर असं मी कधीच सांगणार नाही. वेळ ठरव. सकाळी कॉलेजला निघताना दोन मिनिटं, आणि रात्री नऊला वीस मिनिटं. रात्रीच्या फोनमध्ये घरच्या प्रार्थनेत सामील हो. तुमच्याकडे रात्री कौटुंबिक प्रार्थना होत असणारच. स्तोत्रसंहितेतला एक अध्याय दोन्हीकडे उघडायचा, एक वचन तू वाच, एक आईने वाचावं, बाबांनी प्रार्थना करावी आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. बाबांना फोनवर काय बोलायचं ते सुचत नाही, पण प्रार्थनेत ते तुझं नाव घेतील, आणि तेवढंच तुला ऐकायचं असतं. मग फोन ठेवायचा. पहिले चार-पाच दिवस हात आपोआप फोनकडे जाईल. त्या वेळी सांगायची गोष्ट एका वहीत लिहून ठेव आणि रात्री सांग.

हा भाग आईलाही वाचून दाखव. ताई, तुमचं काळीज मला कळतं, मी स्वतः दोन मुलांना बाहेर धाडलं आहे. पण "जेवलीस का, रडलीस का, कोणी काही बोललं का" असं दर दोन तासांनी विचारलं की मुलगी दिवसभर आपलं दुःख तपासत बसते. त्याऐवजी तिला घरातलं काही विचारा. शेळीचं औषध कोणतं आणायचं, धाकट्याचं गणित कसं सोडवायचं. आपलं घरात अजून काम आहे हे तिला कळू द्या. तुम्हाला रडू आलं तर फोन ठेवल्यावर, महिला मंडळातल्या बहिणींसोबत रडा.

आता रविवार. हॉस्टेलवरचा रविवार फार अंगावर येतो. गावी त्या दिवशी सगळं घर स्वच्छ कपडे घालून उपासनेला निघायचं, आणि इथे मुली अकरापर्यंत झोपलेल्या असतात. तू चर्चला जातेस की नाही ते लिहिलं नाहीस. मला वाटतं एक-दोनदा गेलीस आणि परकं वाटलं म्हणून थांबलीस. परकं वाटणारच. गीत तेच असतं, चाल वेगळी असते. आपल्या बाकावर दुसरंच कोणी बसलेलं असतं. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कानडी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबंही आहेत, त्यामुळे उपासनेनंतर अंगणात तीन भाषा कानावर पडतील. माझं सांगणं एवढंच: एक मराठी मंडळी निवड आणि लागोपाठ सहा रविवार तिथेच जा. दर आठवड्याला नवीन चर्च बघत फिरू नकोस, त्यात कोणाचीच ओळख होत नाही. गावच्या पाळकसाहेबांकडून इथल्या पाळकसाहेबांना चार ओळींचं पत्र आण. एकाच जागी बस. आणि तिसऱ्या रविवारी जाऊन विचार, "मला काही काम द्या." शब्बाथशाळेत लहान मुलांना चित्रं रंगवायला बसव, गायनात उभी राहा, चहाचे कप विसळ. आपली कोणीतरी वाट बघतं हे कळलं की करमायला लागतं. नुसतं ऐकून घरी परतलं की तसं होत नाही.

आपल्या मराठी मंडळीला ताटातूट माहीत आहे, हेही लक्षात ठेव. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, आपल्या याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात राहिल्या. पहिल्या पिढीतल्या किती तरी जणांची घरं तुटली, आणि म्हणून मंडळीतल्या लोकांनी एकमेकांना घरात घ्यायची सवय लावून घेतली. म्हणूनच आपल्याकडे अनोळखी बाईलाही लगेच मावशी म्हणतात. तुला एखाद्या घरून रविवारच्या जेवणाचं बोलावणं आलं, तर संकोचाने "नको" म्हणू नकोस. जा, आणि जेवणानंतर भांडी घासायला बस. ते घर दुसऱ्या वेळी तुझं होतं.

एक सावधगिरी मात्र आईच्या मायेने सांगते. एकट्या पडलेल्या मुलीला हेरणारी माणसं प्रार्थनेच्या नावानेही भेटतात. कोणी म्हणालं की रूममेटशी संबंध तोड, आईवडिलांना सांगू नकोस, लेक्चर बुडवून सभेला ये, तर तिथून उठ आणि परत जाऊ नकोस. कोणी मुलगा फार लवकर फार जवळचा झाला, तर त्यालाही वर्षभर थांबायला सांग. चांगला असेल तर थांबेल.

मजल्यावर तू एकटी ख्रिस्ती आहेस. मला विचारशील तर यात घाबरण्यासारखं काही नाही. रूममेट अक्कलकोटची असेल तर तिच्या घरी कानडी बोलत असतील, तिचेही सण आहेत, तिलाही घर आठवतं. एकदा तिला विचार, तुझ्या घरी आत्ता काय चाललं असेल? तिने प्रसाद पुढे केला आणि तुझ्या मनाला तो घेणं पटत नसेल, तर तोंड वाकडं न करता, हसून सांग की आमच्यात घेत नाहीत, आणि तिच्याबरोबर चहा घे. दानीएलाने नकार असाच दिला होता. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते. पाळणे, दुकानं, सगळं गाव लोटतं. मैत्रिणी जत्रेत फिरायला निघतील तेव्हा खोलीत दार लावून बसू नकोस. आणि नाताळात तू त्यांना करंज्या खाऊ घाल.

पण तुझा त्रास खरोखर घरच्या आठवणीचाच आहे ना, हे मला तपासायचं आहे. स्वतःला विचार: हेच कॉलेज राहुरीला असतं, तर मला हा अभ्यासक्रम हवा होता का? उत्तर 'हो' असेल तर ही घराची ओढ आहे आणि ती बहुतेक पहिल्या सत्रात बरीच ओसरते. 'नाही' असेल तर प्रश्न सोलापूरचा नसून इंजिनिअरिंगचा आहे, आणि मग बाबांशी वेगळं बोलावं लागेल. दुसरं, कोणी छळतं आहे का? जातीवरून, धर्मावरून, कपड्यांवरून बोलतं का? तसं असेल तर ते सोसणं म्हणजे क्रूस वाहणं नव्हे. वॉर्डनला लेखी दे, आणि रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२, तिथे फोन कर. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. घराची ओढ लागलेली मुलगी मधूनमधून हसते. पिक्चर बघताना, वर्गात, मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती विसरते. पण दोन आठवडे सलग, दिवसाचा बहुतेक वेळ मन काळवंडलेलं असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, जगू नये असं एकदाही मनात आलं असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार लागतो. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. सिव्हिलमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. मी नर्स होते, तापाला गोळी देताना मी प्रार्थनाही करत असे आणि गोळीही देत असे. मनाच्या दुखण्यालाही तसंच करायचं.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न. परत जाणं हे पाप नाही, एपफ्रदीतही परत गेला. पण हा निर्णय रात्री अकराला, रडताना घ्यायचा नाही. पहिल्या सत्राची परीक्षा दे. तोवर वर सांगितलेलं सगळं नाही, निदान तीन गोष्टी कर: बॅग, फोनची वेळ, सहा रविवार. परीक्षेनंतरही जीव असाच गुदमरत असेल, तर आईबाबांना बोलावून घे, पाळकसाहेबांनाही बसव, आणि सगळे मिळून ठरवा. तेव्हा गेलीस तरी कोणी तुला पळून आली म्हणायचं नाही, आणि कोणी म्हणालंच तर त्याला फिलिप्पैकरांस पत्र वाचायला दे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाशीलच. जातानाच परतीचंही तिकीट काढ. परत आल्यावर तीन-चार दिवस पुन्हा पहिल्यासारखंच वाईट वाटेल. सगळं वाया गेलं असं तेव्हा समजू नकोस, जवळजवळ प्रत्येकीला तसं होतं आणि दुसऱ्या वेळी ते लवकर ओसरतं. पौलाने तीमथ्याला लिहिलं होतं, की त्रोवसात राहिलेला माझा झगा घेऊन ये आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. तूही घरून काहीतरी पांघरायचं आण, आईचं जुनं लुगडं किंवा आजीची गोधडी. सोलापूर चादरींचं गाव असलं, तरी पहिल्या थंडीत घरचंच पांघरूण हवं. आणि परतीचं तिकीट रविवार रात्रीचं काढू नकोस, शनिवारचं काढ. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी उपासनेला येशील, आणि शब्बाथशाळेतली पोरं विचारतील, ताई, इतके दिवस कुठे होता?